अर्धा बदाम

प्रश्न : मी २६ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दोन महिन्यांपूर्वी साखरपुडा झाला, लग्न वैशाखात आहे. तो चाकणला एका कंपनीत आहे, तीन मित्रांबरोबर खोली करून राहतो. महिन्यातून एकदा आमची भेट होते. साखरपुड्यापासून त्याचा एकच धोशा चाललाय, दोघांनी मॅचिंग डीपी ठेवायचा. त्याने मला दोन चित्रं पाठवली. एकात मुलगा आणि अर्धा बदाम, दुसऱ्यात मुलगी आणि उरलेला अर्धा बदाम. त्याचं त्याने त्याच दिवशी लावलं, मी अजून लावलेलं नाही. माझा नंबर शाळेतल्या सगळ्या पालकांकडे आहे, केंद्रप्रमुखांकडे आहे. बाईंच्या डीपीला बदाम बरा दिसेल का? परवा त्याच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या नणंदेने लिहिलं, 'वहिनी, तुमचा बदाम कुठंय?' त्याखाली सगळ्यांचे हसरे चेहरे. त्या रात्री त्याने विचारलं, 'तुला मला मिरवायचं नाहीये का?' ताई, मला तो मनापासून आवडतो. फक्त शोभेल असा जोडीचा डीपी सुचवा, म्हणजे वाद मिटेल. सध्या माझ्या डीपीला बाबांचा फोटो आहे. ते एसटीत ड्रायव्हर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. फोटोत ते स्टिअरिंगवर बसलेत आणि मी खाली दाराशी उभी आहे, गोलात माझा अर्धा चेहरा कापला जातो.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, फोटो सुचवायचं साधं काम आहे. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या तीन वाक्यांपाशी अडले. बदामाबद्दल, पालकांबद्दल, नणंदेबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस. बाबांचा फोटो मात्र पत्र संपवता संपवता, जाता जाता सांगावं तसा आलाय. मला वाटतं, तुझी खरी अडचण तिथेच आहे. पण आधी त्याच्याबद्दल बोलू, कारण आपली बाजू मांडायला तो इथे नाही.

चाकणची ती खोली डोळ्यांपुढे आण. चार जण, चार बॅगा, दोरीवर वाळत घातलेले कपडे. साखरपुडा झाला आणि सोमवारी तो परत त्याच खोलीत, त्याच कामावर. तुझ्या भोवती लग्न रोज वाढतंय. साड्यांची खरेदी, केळवणं, मैत्रिणींचं चिडवणं, आईची यादी. त्याच्याकडे यातलं काहीच नाही. लग्न ठरलंय, आपलं कोणीतरी आहे, याची खूण म्हणून त्याच्या हाताशी फक्त मोबाइल आहे. जेवणाच्या सुटीत तो उघडतो, तुझं नाव दिसतं, नावाशेजारचा गोल दिसतो. त्या गोलात आपलंही काही असावं असं त्याला वाटलं, तर मला त्यात वावगं दिसत नाही. चित्राची निवड पोरसवदा असेल, पण ओढ खरी आहे. 'हे काय बालिश' असं म्हणून ती झटकू नकोस.

चुकतोय तो पुढे. 'तुला मला मिरवायचं नाहीये का' या प्रश्नात त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. प्रेम असणं आणि ते चारचौघांत दाखवणं. माझ्या वडिलांच्या पाकिटात प्लास्टिकची एक खिडकी होती, एसटीचा पास ठेवायची. पासच्या मागे आईचा पासपोर्ट साइझचा काळा-पांढरा फोटो होता, हे आम्हा भावंडांना कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. एकदा पाकीट पावसात भिजलं आणि ते ओट्यावर सगळं काढून वाळवत बसले, तेव्हा कळलं. फोटो प्लास्टिकला चिकटला होता. त्यांनी तो ओढून काढला नाही. खिडकीच कात्रीने कापून घेतली आणि तशीच नव्या पाकिटात ठेवली. तो फोटो त्यांनी कधी कोणाला दाखवला नव्हता, आईलासुद्धा नाही. आणि तीच आई हळदीकुंकवाला त्यांचं नाव घ्यायची ते शेजारच्या दोन घरांत ऐकू जायचं. एकाच घरात दोन तऱ्हा. तुम्हा दोघांतही तो आईसारखा आणि तू वडिलांसारखी असशील, तर त्यात कमी-जास्त काही नाही. पण हे एकमेकांना सांगावं लागतं, आपोआप कळत नाही.

नाव घेण्याचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबते. जोडी जाहीर करण्याची रीत आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीची. ज्या काळी बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नसत, त्या काळीही उखाण्यातून ते चारचौघांत घेतलं जायचं. गृहप्रवेशाला दारात अडवून, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला. 'नाव घे, नाव घे' असा गलका व्हायचा, आजही होतो. नणंदेचं 'तुमचा बदाम कुठंय' हे त्याच गलक्यातलं आहे. त्यात खोच कमी आणि लाड जास्त, असं मला तरी वाटतं. पण उखाण्यात एक गोष्ट फार चांगली होती. प्रसंग लोकांचा असला तरी शब्द त्या मुलीचे असायचे. कोणी 'भाजीत भाजी मेथीची' म्हणून सुटायची, कोणी आठ दिवस जुळवाजुळव करून चार ओळी आणायची. लाजून हळू म्हटलं तरी चालायचं. तुझ्या बाबतीत प्रसंगही त्याने ठरवला आणि ओळीही त्यानेच लिहून पाठवल्या. तू नुसतं वाचून दाखवायचंस. तुझं अवघडलेपण बदामापेक्षा याच गोष्टीचं जास्त असावं, असं मला वाटतं. त्याला हे याच शब्दांत सांगता येईल : 'नाव घ्यायला माझी ना नाही, उखाणा मला जुळवू दे.'

आता त्या चित्राकडे बघू. तू वर्तुळ शिकवतेस, म्हणून तुला हे चटकन दिसेल. डीपीसाठी आपण चौकोनी फोटो देतो, पण तो दिसतो गोलात. चौकोनात मावेल तेवढं मोठं वर्तुळ काढलं तरी चार कोपरे मिळून एकवीस टक्क्यांहून जास्त भाग बाहेर जातो, म्हणजे पाचवा हिस्सा गेलाच. कागदावर दोन चौकोन शेजारी शेजारी काढ, दोन्हींत वर्तुळं काढ आणि बघ. चौकोनांची एक अख्खी बाजू जुळलेली होती, वर्तुळं मात्र एकाच बिंदूत टेकतात. बदाम नेमका त्या बाजूवर आहे. म्हणजे जिथे अर्धा अर्ध्याला जुळायचा, तीच जागा कापली जाते. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर नावं एकाखाली एक येतात, शेजारी शेजारी नाही. तुमची दोघांची नावं कोणाच्या यादीत लागोपाठ आली, तरी डावा अर्धा वर आणि उजवा खाली. पूर्ण बदाम फक्त त्याने तुला पाठवलेली दोन मूळ चित्रं शेजारी ठेवली तरच होतो, बाकी कोणालाच तो दिसणार नाही. लोकांना दिसेल ते कुठूनतरी उतरवलेलं, हजारो जणांनी लावलेलं एक अर्धवट कार्टून. हे त्याला भांडणातला मुद्दा म्हणून ऐकवू नकोस. रविवारी फोनवर दोघांनी मिळून कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. त्याने ते चित्र हौसेने शोधलंय, त्या हौसेचा मान राहू दे.

हीच अडचण एका गोलात दोघांना बसवलं तरी येते. साखरपुड्याचा पूर्ण उभा फोटो लावला, तर यादीत तो शर्टाच्या बटणाएवढा होतो आणि त्यात दिसतो फक्त शेला आणि हार. दोघांचे चेहरे हवेच असतील तर खांद्यापासून वरचा, डोकी जवळ असलेला फोटो घ्यावा. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवावं, एक फ्रेम चौकोनी, चेहरे मधोमध, चारही बाजूंना मोकळी जागा.

पालकांच्या भीतीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गावातल्या शाळेत बाईंचं लग्न ठरल्याचं पहिलीतल्या पोरांनाही माहीत असतं. साखरपुड्याच्या कपड्यांतला तुमचा साधा फोटो बघून कोणी नाक मुरडेल, असं मला वाटत नाही. उलट दोन-चार आया 'जोडा छान दिसतोय बाई' म्हणतील. तुझ्या नंबरावरून गृहपाठ, सुट्टी, पोषण आहार असले निरोप जातात. तो नंबर शाळेच्या दारावरच्या पाटीसारखा झालाय. पाटीवर काय शोभतं, हे तुझं तूच ठरवू शकतेस. मनात एक प्रश्न विचार. केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला आणि त्यांच्या पडद्यावर हा फोटो उमटला, तर मला ओशाळं वाटेल का? वाटणार असेल, तर तो फोटो घरच्यांच्या आग्रहाखातरही लावू नये. दर फोनला मनात खुट्ट होत राहील.

मार्ग आहेतच. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे प्रोफाइल फोटो. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडलं की ज्यांना दाखवायचा नाही त्यांना वगळता येतं. पण एका नंबराला डीपी एकच. वगळलेल्या पालकांना दुसरा फोटो दिसत नाही, नुसता रिकामा गोल दिसतो. शाळेचं आणि घरचं खरंच वेगळं ठेवायचं असेल, तर शाळेसाठी दुसरा नंबर घ्यावा. २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची दोन अकाउंट चालवता येतात. डीपीसाठी नसलं, तरी रात्री साडेदहाला येणाऱ्या 'बाई, उद्या शाळा आहे का' यासाठी मी प्रत्येक शिक्षिकेला हे सुचवते.

आता बाबांकडे येते. मी चुकत असेन तर हा भाग सोडून दे.

डीपी बदलताना फोन काही विचारत नाही. एक फोटो जातो, त्या जागी दुसरा येतो. जुना फोटो गॅलरीत आहे, कुठे जाणार नाही, हे तुलाही माहीत आहे. तरी बोट थांबत असेल. दोन वर्षं रोज कोणीतरी तुला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन केला की त्यांच्या पडद्यावर तुझे बाबा यायचे, स्टिअरिंगवर बसलेले. लग्न करून घर सोडायच्या दोन-तीन महिने आधी तिथून त्यांना उतरवायचं आणि कार्टून लावायचं, हे जड जाणारच. तू त्याला पालकांचं कारण दिलं असशील, कारण ते सांगायला सोपं होतं. त्याने त्याचा अर्थ काय लावला? ही माझ्यापेक्षा गावाला जास्त जपते. खरं कारण त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. तुझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्याने त्यांना पाहिलं नसेल, तर तुझा डीपी हीच त्याची सासऱ्यांशी झालेली एकमेव ओळख आहे. हे त्याच्या ध्यानात आलं नसेल, तर तो निष्ठुर नाही, त्याला कोणी सांगितलं नाही इतकंच.

त्याला मेसेज करू नकोस, फोन कर. रूमवर मित्र असतील तर 'बाहेर येऊन बोल' म्हण. आणि साध्या शब्दांत सांग : 'तुझ्याबरोबरचा फोटो लावायला मला आवडेल. पण आत्ता तिथे बाबा आहेत आणि त्यांना काढायला हात होत नाही. मला थोडा वेळ दे. आणि ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं की मला कोंडीत पकडल्यासारखं होतं, तिथे तू बोल.' ग्रुपवरच्या बहिणीला उत्तर त्यानेच द्यावं. 'तिचा बदाम माझ्याकडे आहे' एवढं त्याने लिहिलं तरी विषय हसण्यावारी संपतो. होणाऱ्या नवऱ्याने आपल्या घरात आपल्यासाठी उभं राहायची ही पहिली छोटी संधी आहे. त्याला ती घेऊ दे.

तू विचारलं आहेस, तर सुचवते.

माझ्या मते जोडीचा सगळ्यात चांगला डीपी म्हणजे एकमेकांनी काढलेले फोटो. जागा तीच, वेळ तीच. त्याचा फोटो तू काढायचा, तुझा त्याने. दोघांच्या डीपीला एकेकच माणूस, चेहरा मोठा आणि स्वच्छ, पालकांना बाईच दिसणार. पण मागे तीच भिंत, तोच उजेड, आणि समोर कॅमेरा धरून कोण उभं आहे हे तुम्हा दोघांनाच ठाऊक. माणूस आपल्या माणसाकडे बघतो तेव्हा डोळ्यांत जे येतं, ते फोटोत उतरतं. स्टुडिओतल्या फोटोत ते येत नाही. मला यापेक्षा जास्त मॅचिंग दुसरं काही वाटत नाही.

त्याला अर्ध्या-अर्ध्याची हौस असेलच, तर ती चॅटमध्ये भागवता येते. फक्त एका माणसाच्या चॅटपुरता वेगळा वॉलपेपर लावता येतो. साखरपुड्याचा एकच फोटो, अर्धा तुझ्याकडे, अर्धा त्याच्याकडे. तिथे गोल नाही, उभा आयत आहे, त्यामुळे कापाकापीही नाही. दोन फोन शेजारी ठेवले की चित्र पूर्ण. महिन्यातून एकदा भेटणाऱ्यांना यात खरी गंमत आहे.

आणि लग्नाच्या दिवसांत दोघांचा फोटो लावायचा असेल, तर मुदत ठरवून लावा. हळदीला लावायचा, सत्यनारायण झाला की काढायचा. दारावरचं तोरण उतरवतो तसं. जोडीचा डीपी लावण्यापेक्षा काढणं अवघड असतं, हे लक्षात घे. लावताना कोणी विचारत नाही, काढला की मावशीपासून ऑफिसमधल्या माणसापर्यंत सगळे विचारतात, 'सगळं ठीक आहे ना?' लग्न झालेल्या कितीतरी जोड्या जुना फोटो केवळ या प्रश्नाच्या धास्तीने वर्षानुवर्षं ठेवतात. मुदत आधीच ठरलेली असेल, तर दोघांपैकी कोणाच्या मनात शंका येत नाही. बाबांचा फोटोही मग 'काढला' असं होत नाही. पंधरा दिवस बाजूला होतो आणि परत येतो. किंवा येत नाही, ते तेव्हाचं तेव्हा ठरव.

तुझ्यासारख्या इतरांसाठी थोडं.

ज्यांच्या घरी अजून माहीत नाही, जातीवरून किंवा आणखी कशावरून विरोध व्हायची शक्यता आहे, त्यांनी मॅचिंग डीपीच्या फंदात पडूच नये. अर्ध्या चित्राचा दुसरा अर्धा शोधायला घरच्यांना पाच मिनिटं लागतात. फेसबुकचा प्रोफाइल फोटो सगळ्यांना दिसतो. इन्स्टाग्रामचं खातं प्रायव्हेट असलं, तरी डीपी अनोळखी माणसालाही दिसतो. अशांनी एकाच झाडाचे, एकाच घाटातल्या पायऱ्यांचे, चेहरे नसलेले फोटो ठेवावेत.

'डीपी मेकर' म्हणवणारी काही अ‍ॅप सगळ्या गॅलरीची परवानगी मागतात, ती देऊ नका. फोनमधल्या साध्या एडिटरमध्ये चौकोनी कापणं, अर्धं करणं सगळं होतं. डीपीचा फोटो उचलून 'हा माझा नवा नंबर, जरा पैसे पाठव' असं फसवणारेही आहेत. जोडीच्या फोटोने त्यांना एकदम दोन घरांची नाती कळतात. तसं काही झालं तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते. डीपीचा हट्ट एकटा असेल, तर तो लाडाचा असतो. त्याच्याबरोबर 'लास्ट सीन का लपवलंस', 'पासवर्ड दे', 'हा मित्र कोण' असं सुरू झालं, भांडण झालं की दोघांचा फोटो काढून टाकून शिक्षा करायची असं होऊ लागलं, तर तो विषय फोटोचा राहत नाही. तेव्हा लग्नाआधी घरातल्या ज्या माणसावर विश्वास आहे, त्याच्याशी बोला. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. त्याने एकदा विचारलं, दुखावल्यामुळे विचारलं.

तो पुढच्या भेटीला येईल तेव्हा त्याला स्टँडवर घेऊन जा, जिथे बाबांची गाडी लागायची. सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर जा, दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात. आधी त्याचा फोटो तू काढ, मग तुझा त्याला काढू दे. चेहरा मधोमध ठेवायला सांग, डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना जागा सोडायला सांग, या वेळी गोलात पूर्ण मावलं पाहिजे. आणि बाबांचा फोटो काढला त्या दिवशी गाडी कुठून आली होती, दाराशी तू कुठे उभी होतीस, ते त्याला तिथेच दाखव.